पाळलेले ग्रहण, पाहिलेले ग्रहण

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा, पण तो येतो अमावास्येला. आणि सूर्याला ग्रहण लागते तेही अमावास्येलाच. तेव्हा लक्ष्मीपूजन आणि सूर्यग्रहण यांची अधूनमधून गाठ पडावी, यात नवल काहीच नाही. गेल्या तीसएक वर्षांत ती दोनदा पडली. १९९५ साली लक्ष्मीपूजन २३ ऑक्टोबरला झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य ग्रासला गेला. राजस्थानापासून बंगालपर्यंतच्या एका अरुंद पट्टीत ते ग्रहण खग्रास होते, आमच्याकडे खंडग्रास. पुढे २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झाले आणि २५ तारखेचा सूर्य कडेला कुरतडलेल्या स्थितीतच मावळला. त्या दोन्ही वेळी मी आमच्या पालमच्या बाजारात आणि एस. टी. स्थानकावर लोकांचे बोलणे कान देऊन ऐकले. पाडवा कोणत्या दिवशी धरायचा, वेध केव्हा लागतात, फराळाच्या डब्यांत तुळशीपत्र टाकले की नाही, याची चौकशी घरोघर चालू होती. सूर्य किती ग्रासणार आणि कोणत्या अंगाने, हे मात्र एकानेही विचारले नाही.

यात लोकांना हसण्यासारखे काही नाही. आपली भाषाच तशी घडलेली आहे. मराठीत ग्रहण ‘लागते’, ‘सुटते’ आणि मधल्या वेळात ते ‘पाळले’ जाते. उपास पाळावा, सोयर-सुतक पाळावे, त्याच पंक्तीत ग्रहण. ‘ग्रहण पाहिले’ असे वाक्य आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी फारसे येत नाही. आकाशात घडणाऱ्या सर्वांत मोठ्या दृश्याला आपण एक क्रियापद दिले, आणि ते दाराआड बसण्याचे दिले!

वाङ्मयाला वाहिलेल्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, ग्रहण आपल्याकडे आकाशातून येण्याआधी शब्दांतून येते. आजीच्या कहाणीतून येते, कीर्तनातून येते, पंचांगाच्या पानातून, वर्तमानपत्राच्या मथळ्यातून येते. शब्दांतून जे येते त्याची पारख करणे हे टीकाकाराचे काम आहे. कसोटी मी एकच लावणार आहे: हे सांगणे ऐकून किंवा वाचून मनुष्य अंगणात येतो का, आणि आल्यावर त्याला अधिक दिसते का?

आरंभ राहूच्या कहाणीने करू. समुद्रमंथनातून अमृत निघाले, देवांच्या पंक्तीत एक असुर येऊन बसला, सूर्य-चंद्रांनी ते सांगून टाकले, विष्णूने त्याचे मस्तक उडवले. तेव्हापासून ते मस्तक दोघांचा सूड घेत फिरते. पण गळ्याखाली धड नसल्यामुळे गिळलेला सूर्य पुन्हा बाहेर पडतो. कथा म्हणून ही रचना फार चांगली आहे. सूर्य का ग्रासला जातो आणि तो सुटतो का, या दोन्ही प्रश्नांना तिने एकाच घटनेत उत्तर दिले आहे. लहान मुलाच्या मनात ती एकदा बसली की जन्मभर निघत नाही. पण आमच्या कसोटीला ती उतरत नाही. तिच्यात सूर्य आहे, शत्रू आहे, सुटका आहे. आकाश मात्र नाही. खग्रासाच्या वेळी काळ्या बिंबाभोवती पसरणारे रुपेरी प्रभावलय, भर दिवसा चमकणारा शुक्र, क्षितिजावर चहूकडे उमटणारी संध्याकाळ, यांतले तिच्यात काहीच आलेले नाही. गिळलेल्या वस्तूभोवती तेज कसे राहील? कथेच्या तर्कात ते बसत नाही, म्हणून कथेत ते आले नाही.

ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात याहून जुनी गोष्ट आहे. तिथे स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला अंधाराने वेधतो आणि अत्री ऋषी तो सूर्य पुन्हा शोधून काढतो. त्या सूक्तात एक उपमा आली आहे. आपण कुठे उभे आहोत हे न कळणाऱ्या, भांबावलेल्या माणसासारखी सगळी भुवने त्या वेळी दिसली, अशा आशयाची. एवढे एक वाक्य वाचले की वाटते, हे सांगणारा घरात बसलेला नव्हता. त्याला कारण ठाऊक नव्हते, पण त्याने पाहिले होते. राहूच्या कहाणीत कारण आहे आणि दर्शन नाही. इथे दर्शन आहे आणि कारण नाही. आपल्या ग्रहणवाङ्मयाची फाटाफूट इतकी जुनी आहे.

कहाणीचा आणखी एक हिशेब राहतो, आणि तो वाङ्मयापुरता नाही. ‘दे दान, सुटे गिराण’ ही आरोळी माझ्या वयाच्या वाचकांनी ऐकली असेल. ग्रहण सुटू लागले की ती गल्लीतून फिरे. दारे किलकिली होत, जुने कपडे आणि धान्य बाहेर येई. राहू-केतूंचे नाते गावकुसाबाहेरच्या एका जातीशी जोडून देऊन ते दान मागण्याचे काम समाजाने तिच्या गळ्यात बांधले होते. उरलेला गाव घरात बसून ग्रहण पाळी आणि हे लोक तेवढे उघड्या आकाशाखाली हिंडत. त्यांना काही अपाय होत नाही, हे दर ग्रहणाला सर्वांच्या डोळ्यांपुढे घडत असे, आणि तरीही त्याचा अर्थ कोणी काढला नाही. कथा गोड असली म्हणून तिची किंमत कोणाला मोजावी लागली, हे टीकाकाराने विसरून चालणार नाही.

आता जाणत्यांच्या परंपरेकडे वळू. ती आपल्याकडे नव्हती असे म्हणणे हा शुद्ध अन्याय होईल. आर्यभटाने इसवी सनाच्या ४९९ च्या सुमारास स्वच्छ सांगितले की, सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली झाकते. वराहमिहिरानेही राहूचे कारण नाकारले. पुढे ब्रह्मगुप्ताने मात्र या दोघांवर वेद-स्मृतींच्या विरुद्ध बोलल्याचा ठपका ठेवला, आणि मौज अशी की त्याचे स्वतःचे गणित छायेचेच होते. अल्-बेरूनीसारख्या परदेशी पंडिताला ही विसंगती खटकली आणि त्याने ती नोंदवून ठेवली. ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनी तर वकिलासारखा युक्तिवाद केला आहे. चंद्राचे ग्रहण एका बाजूने सुरू होते, सूर्याचे दुसऱ्या बाजूने. एकाला वेळ फार लागतो, दुसऱ्याला थोडा. मग दोघांना झाकणारा एकच कसा असेल? हा युक्तिवाद केवळ पाटीवर सुचणारा नव्हे. ग्रास कोणत्या अंगाने चढतो हे त्यामागे कोणीतरी पाहिलेले आहे.

आणि ही विद्या काशी-उज्जैनीपुरती नव्हती, ती आमच्या गोदाकाठावर नांदत होती, हे परभणी जिल्ह्यातल्या किती घरांत माहीत असेल? ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ १५०३ च्या सुमारास रचणारा ज्ञानराज हा पार्थपूरचा, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या पाथरीचा. पुराणातले विश्व आणि गणितातले विश्व यांचा मेळ घालण्याचा त्याचा यत्न त्या ग्रंथात दिसतो. त्याचा मुलगा सूर्यपंडित याने भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर टीका लिहिली. गोदावरीच्याच उत्तर तीरावरच्या गोलग्रामातला दिवाकर हा कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा शिष्य. याच गणेश दैवज्ञाने १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचून ज्यासारखी किचकट कोष्टके टाळली आणि ग्रहणाचे गणित गावच्या जोशाच्या आवाक्यात आणले. दिवाकराचे वंशज काशीला गेले, आणि त्यांतल्या कमलाकराने १६५८ साली ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’च्या इतिहासात या सगळ्या घराण्यांची हकीकत मराठीत लिहून ठेवली आहे. गंगाखेडच्या घाटावर ग्रहणाचे स्नान करणाऱ्या माणसाला जनाबाई ठाऊक असते, आणि असायलाच हवी. ज्ञानराजही ठाऊक असावा, एवढेच माझे म्हणणे.

या गणितज्ञांनी ग्रहण पाहणाऱ्याच्या हाती पाच शब्द दिले: स्पर्श, सम्मीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष. चंद्राची कड सूर्याला टेकते तो स्पर्श. सूर्य पुरता झाकला जातो तो सम्मीलन. पहिला किरण पुन्हा फुटतो तो उन्मीलन. कड सुटते तो मोक्ष. यांतले दुसरे आणि चौथे शब्द जरा थांबून वाचावेत. सम्मीलन म्हणजे डोळा मिटणे आणि उन्मीलन म्हणजे डोळा उघडणे. आकाशातल्या एका डोळ्याची पापणी मिटते आणि उघडते, असे हे चित्र आहे. गणिताच्या रुक्ष ग्रंथातली ही परिभाषा मला आपल्या पुष्कळशा ग्रहणवर्णनांपेक्षा अधिक काव्यमय वाटते, आणि अधिक उपयोगीही. कारण खग्रास ग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहायचे ते फक्त सम्मीलनापासून उन्मीलनापर्यंतच. त्याच्या आधी आणि नंतर ग्रहणचष्मा हवाच. सूर्याचा डोळा मिटलेला असेल तेवढाच वेळ आपला उघडा ठेवावा, असा तो हिशेब आहे.

पण पंचांगाच्या पानावर येईपर्यंत या शब्दांचे काय झाले? स्पर्शाला स्नान, मध्याला जप आणि दान, मोक्षाला पुन्हा स्नान. पाहण्याची वेळापत्रके न्हाण्याची झाली. मधले दोन शब्द तर वाचकाच्या नजरेतून सुटूनच जातात. कारण आपल्या गावी खग्रास नसले म्हणजे त्यांची गरज पडत नाही. पंचांगकर्त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने मिनिटांचा हिशेब चोख ठेवला. दोष असेल तर तो हिशेब हातात असून वर मान न करणाऱ्या आपणां सर्वांचा आहे.

याच्या अगदी उलट तऱ्हेचे लेखन म्हणजे विजयदुर्गाविषयीचे. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवतात, आणि १८६८ साली लॉकियर साहेबाने तिथून खग्रास ग्रहण पाहून हेलियमचा शोध लावला, असे कितीतरी लेखांत वाचायला मिळते. वाचताना छाती फुगते, पण हकीकत तशी नाही. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण मोठे होते. आपल्याकडे खग्रास पाच मिनिटांहून अधिक टिकले. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि लेफ्टनंट हर्शेल हा पटवर्धनांच्या जमखंडीला. सूर्याच्या कडेवरच्या तांबूस ज्वाळांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला तेव्हा त्यात तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे ठरले. जान्सेनने दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या रेषा पाहून दाखवल्या. लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता. ऑक्टोबर १८६८ मध्ये त्यानेही तिथूनच, ग्रहणावाचून, त्या रेषा पाहिल्या, आणि त्यांतली पिवळी रेषा माहीत असलेल्या कोणत्याच मूलद्रव्याची नाही, हे त्याच्या ध्यानात आले. ‘हेलिऑस’ म्हणजे सूर्य, त्यावरून हेलियम. पृथ्वीवर तो वायू रॅम्झीला सापडला तो १८९५ साली. लॉकियर विजयदुर्गावर आला तो त्यानंतर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रासासाठी. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरची माणसे त्याच्या मदतीला होती.

मग ओट्यांचे महत्त्व कमी झाले का? मला तर ते वाढलेले वाटते. १८९८ च्या ग्रहणाची छाया किनाऱ्यावरून शिरून महाराष्ट्राच्या अंगावरून तिरपी गेली. विजयदुर्गावर लॉकियर, पुणे–सोलापूर लोहमार्गावरच्या जेऊरला अमेरिकेतील लिक वेधशाळेचा कॅम्बेल आणि पुण्याचे कावसजी दादाभाई नेगमवाला, पुलगावला न्यूऑल, धामणगाव–पुलगावच्या दरम्यानच्या तळणीला मॉन्डर दांपत्य. तळणीला अ‍ॅनी मॉन्डर या बाईंनी घेतलेल्या छायाचित्रात प्रभावलयाचा एक किरण सूर्याच्या व्यासाच्या कितीतरी पट लांब गेलेला उमटला. आता वाचकांनी नकाशा काढावा आणि जेऊर आणि पुलगाव यांना जोडणारी सरळ रेषा ओढावी. ती रेषा पाथरीच्या अगदी जवळून जाते! ज्या गावात चारशे वर्षांपूर्वी ज्ञानराजाने ग्रहणाचे गणित मांडले, त्याच मुलखावर भर दुपारी खग्रासाची छाया येऊन गेली. छापील इतिवृत्ते मात्र तळांवर बसलेल्यांची आहेत. पाथरीची नाहीत, बीडची नाहीत. खोट्या पहिलेपणाचा गौरव करण्यात आपण जी शाई खर्चिली, ती या खऱ्या छायेचा माग काढण्यात खर्चिली असती तर मराठी वाचकाच्या पदरी काही पडले असते.

वर्तमानपत्री लेखनाची तऱ्हा आणखी निराळी. तिथे ‘जवळजवळ खग्रास’ हा एक शब्दप्रयोग वारंवार भेटतो. शंभरातले नव्व्याण्णव भाग झाकले म्हणजे शंभराला एकच भाग कमी, असे साधे त्रैराशिक त्यामागे आहे. पण आकाशाला ते मान्य नाही. पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सूर्य सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. म्हणजे शंभरावा भाग उघडा राहिला तरी तो चार हजार पूर्णचंद्रांएवढा झगझगीत राहणार. प्रभावलयाचे तेज सगळे मिळून साधारण एका पूर्णचंद्राच्या जवळपासचे. चार हजारांच्या बाजारात या एकाचा आवाज कसा ऐकू यावा? म्हणून खंडग्रास आणि खग्रास यांत फरक आहे तो पायरीचा नव्हे, जातीचा. पुराच्या काठावर उभा राहिलेला मनुष्य जवळजवळ भिजत नाही. तो कोरडाच राहतो.

हे मी पुस्तकाच्या भरवशावर लिहीत नाही. १६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण कारवार, हुबळी, रायचूर या पट्टीतून ओरिसाच्या किनाऱ्याकडे गेले. पालमला सूर्याचा बराच मोठा भाग झाकला जाणार होता, पण खग्रास नव्हते. मी त्या वेळी कॉलेजात शिकत होतो. रायचूरला जाऊन पोहोचलो आणि गावाबाहेरच्या एका उंचवट्यावर उभा राहिलो. त्या दिवशी ठिकठिकाणी शहरांचे रस्तेही ओस पडले होते. आम्ही मात्र पन्नासएक माणसे तिथे होतो, बहुतेक अनोळखी.

दुपारी ऊन हळूहळू पितळी झाले. सावल्या कोरल्यासारख्या रेखीव झाल्या. वारा पडला, अंगाला गारवा लागला, कावळे झाडांकडे निघाले. पश्चिमेकडून आभाळ गडद होत आले. अखेरची कड मोत्यासारखी एका ठिकाणी चमकली आणि विझली, आणि पावणेचारच्या सुमारास दुपारच्या आभाळात एक काळी गोल जागा दिसली. तिच्याभोवती रुपेरी पाकळ्या होत्या. कडेला दोन ठिकाणी जास्वंदी रंगाचे ठिपके होते. शुक्र उघड दिसत होता. क्षितिजावर चहूकडे तांबूस उजेड होता, जणू सगळ्या दिशांना एकदमच सूर्य मावळला होता. माझ्या शेजारच्या एका म्हाताऱ्याने दोन्ही हात जोडले, आणि तसेच जोडलेल्या हातांनी तो वर पाहत राहिला. दोन-अडीच मिनिटांत सगळे आटोपले.

त्या दोन-अडीच मिनिटांत मला अधिक काही दिसले असेल तर ते आधी थोडे वाचून गेल्यामुळे. त्या पाकळ्या सर्व बाजूंना सारख्या पसरलेल्या होत्या. सूर्यावरच्या डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढते आणि घटते; डाग पुष्कळ असतात तेव्हा प्रभावलय सर्वांगाने फुललेले असते, थोडे असतात तेव्हा ते विषुववृत्ताच्या दोन बाजूंना लांबट ओढल्यासारखे दिसते. १९८० हे भरतीचे वर्ष होते, १९९५ हे ओहोटीचे. हे ठाऊक नसते तर मी ‘सुंदर’ म्हणून स्वस्थ बसलो असतो. ठाऊक होते म्हणून पाकळ्या मोजल्या, त्यांचा आकार मनात ठेवला. ते ठिपके म्हणजेच जान्सेनने पाहिलेल्या ज्वाळा, हे ओळखता आले. त्या रुपेरी वायूचे तापमान दहा लाख अंशांच्या पुढे, आणि खालच्या सूर्यपृष्ठाचे मात्र साडेपाच हजारांच्या आसपास. चुलीपेक्षा धूर अधिक तापावा तशी ही उलटी गोष्ट आजही शास्त्रज्ञांना पुरती उलगडलेली नाही. समजून घेतल्याने सौंदर्य कमी होते, असे कवी मंडळींकडून पुष्कळदा ऐकू येते. मला ते मान्य नाही. रागाची ओळख असलेल्याला गाणे कमी आवडते काय?

समजून घ्यायला फार गणितही लागत नाही. रात्री चंद्रापुढे हात लांब करून वाटाण्याचा एक दाणा धरा. चंद्र झाकला जातो. सूर्य चंद्राहून व्यासाने सुमारे चारशे पट मोठा आणि जवळजवळ तितक्याच पटीने दूर, म्हणून दोघे आपल्याला सारख्याच आकाराचे दिसतात. हा योगायोग नसता तर प्रभावलयाचा देखावाही नसता. मग दर अमावास्येला ग्रहण का नाही? दोन कडी एकमेकांत किंचित तिरपी अडकवा. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी अशीच सुमारे पाच अंशांनी तिरपी आहे. कडी एकमेकांना छेदतात त्या दोन बिंदूंचीच नावे राहू आणि केतू. अमावास्या त्या बिंदूंच्या जवळ पडली तरच ग्रहण. म्हणजे राहू कुठेतरी आहे. पण त्याला तोंड नाही आणि वैरही नाही.

याचा घरसंसाराशी संबंध आहे, म्हणूनच दिवाळीच्या अंकात एवढे लिहिले. आजही ग्रहणाच्या दिवशी पोरांना आत कोंडतात. दिवस गेलेल्या लेकी-सुनांना तासन् तास हालचाल करू देत नाहीत, पाणीसुद्धा पिऊ देत नाहीत. चंद्राची सावली म्हणजे सावलीच. झाडाच्या सावलीने जशी बाळाला इजा होत नाही तशी तिनेही होत नाही; उपाशी-तहानेली ठेवल्याने मात्र त्या बाईचे हाल होतात. परातीत मुसळ उभे करून ‘ग्रहण आहे म्हणून उभे राहिले’ असे दाखवण्याची चाल काही घरांत आहे. बूड सपाट असेल तर ते मुसळ उद्या सकाळीही उभे राहील. मुलांनी करून पाहावे. खरी भीती एकच, आणि ती डोळ्यांची. काळी काच, क्ष-किरणांची फिल्म, परातीतले पाणी, यांपैकी काहीही सुरक्षित नाही. प्रमाणित ग्रहणचष्मा आणावा. तो नसेल तर सूर्याकडे पाठ करून बुंदीचा झारा चार-पाच फूट उंच धरावा. त्याच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर एकेक कोरीचा सूर्य उतरतो. चिंचेखाली तर असे शेकडो सूर्य पसरलेले असतात.

२ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणाची खग्रास पट्टी स्पेन आणि इजिप्त या देशांवरून जाते. लक्सरजवळ खग्रास सहा मिनिटांहून अधिक टिकणार. आपल्या भागाला ते दुपार कलल्यावर खंडग्रास, आणि तेही पावसाळ्यात. भारतभूमीवरचे पुढचे खग्रास २० मार्च २०३४ चे, लडाख-काश्मीरच्या बाजूला. कोणत्याही एका गावी खग्रास सरासरीने पावणेचारशे वर्षांतून एकदा येते असा हिशेब आहे. तेव्हा पालमला बसून वाट पाहण्यात अर्थ नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी पंढरीला जावे तसे त्या पट्टीत जाऊन उभे राहावे, आणि परत आल्यावर मराठीत लिहावे: काय दिसले, किती वेळ दिसले, शेजारी कोण होते. स्वर्भानूच्या सूक्तातले दर्शन आणि भास्कराचार्यांचे कारण एका लेखात नांदत असलेले वाचायची माझी फार दिवसांची इच्छा आहे.

श्रद्धेने हात जोडायला माझी ना नाही. रायचूरच्या त्या म्हाताऱ्याने जोडलेच होते. स्नान करावे, दान करावे. दान मागणाऱ्याची जात पाहून नव्हे, गरज पाहून करावे. फक्त दार उघडे ठेवावे आणि मुलांना अंगणात येऊ द्यावे. ‘ग्रहण’ या शब्दाचा एक अर्थ पकडणे असा आहे, तसा समजून घेणे असाही आहे. अर्थग्रहण आपण रोजच म्हणतो. पहिला अर्थ राहूच्या वाट्याला गेला. दुसरा आपल्या वाट्याचा आहे, आणि तो अजून पुष्कळसा शिल्लक आहे.